सहा वर्षे आणि वीस सेकंद

हल्ली पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने तालुक्याला निघावे, तर फाट्यापासून पुढच्या गावापर्यंत सडकेच्या कडेने धावणारी पोरे दिसतात. कोणी भरतीची तयारी करीत असतो. कोणी तालुक्याच्या शर्यतीत पहिला आलेला असतो आणि आता त्याला जिल्हा गाठावयाचा असतो. त्यांत एखादी मुलगीही असते, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, आणि मागे सायकलवर तिचा बाप नाही तर भाऊ. ही पोरे मनात काय धरून धावतात हे घरच्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. विचारले तर लाजतात. फारच आग्रह केला तर एकच शब्द सांगतात: ऑलिंपिक.

हा शब्द ऐकून घरातली माणसे दोन तऱ्हांनी वागतात. काही हसतात. "आधी म्हशीला पाणी दाखव, मग जा ऑलिंपिकला," म्हणतात. काही त्याच्या उलट. ती गावभर सांगत सुटतात, चौकात पोराच्या फोटोचा फ्लेक्स लावतात आणि पुढच्याच वर्षी पदक घरात यावे अशी वाट पाहू लागतात. माझ्या मते दोन्ही तऱ्हा वाईट, आणि त्यांतही दुसरी अधिक वाईट. हसण्याने पोर हिरमुसते, पण चिवट असेल तर धावत राहते. घाईने मात्र पोराचे पाय जातात. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कोवळ्या वयात अति धावून नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते, आणि तरीही धावत राहिले तर हंगामच्या हंगाम वाया जातात.

मग मोठे ध्येय धरावे की नाही? जरूर धरावे. "ते शहरातल्या लोकांचे काम, आपले नव्हे," असे म्हणणाऱ्यांना एक जुनी हकीकत सांगतो. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. त्यांत लांब पल्ल्याला धावणारे बहुतेक गडी खेड्यांतले शेतकरी होते, तेही अनवाणी. त्यांचे धावणे आणि त्यांच्या वेळा पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. ह्या माणसांना नीट शिकवले तर ती युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची होतील, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातूनच १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी भारताचे पथक निघाले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. तेव्हा ऑलिंपिकची वाट आपल्याकडे पहिल्यांदा निघाली, ती खेड्यातल्या अनवाणी पायांमुळेच.

परंतु "ऑलिंपिक" हे ध्येय नव्हे, ते गावाचे नाव झाले. तिथे जावयाचे तर किती कोस, कोणत्या वाटेने, किती दिवसांत, हे ठरल्याखेरीज निघता येत नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात हे कोस मिनिटांनी आणि सेकंदांनी मोजतात. ते कसे, हे आपल्याच मुलखातल्या एका माणसाच्या उदाहरणाने पाहू.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. अविनाश साबळे ह्या गावचा. जन्म १९९४ चा. मुलूख दुष्काळी. आईवडील शेती करीत आणि वीटभट्टीवर कामाला जात. शाळा सहा किलोमीटरांवर आणि वाहनाची सोय नाही, म्हणून पोरगा कधी चालत, कधी धावत शाळेला जाई. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. शर्यतीचे धावणे त्याने मनावर घेतले ते २०१५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी. हे वय लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

२०१७ साली सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत. इंग्लंडात एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, शेतातून, कुंपणे आणि ओढे ओलांडीत पैजा लागत; त्यातून ही शर्यत निघाली. धावता धावता २८ वेळा जाड लाकडी आडवे ओलांडावयाचे, आणि शिवाय ७ वेळा तसेच आडवे पार करून पुढच्या पाण्याच्या खड्ड्यात उतरावयाचे. पुरुषांसाठी हे आडवे तीन फूट उंच असतात. पाय अडकला तर लाकूड पडत नाही, माणूस पडतो. बांध आणि ओढे ओलांडण्यात जन्म गेलेल्या आपल्या पोरांना ही शर्यत परकी वाटू नये.

ह्या शर्यतीतला भारताचा विक्रम तेव्हा गोपाल सैनी ह्यांच्या नावावर होता: ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, १९८१ सालचा. सदतीस वर्षे तो कोणाला मोडता आला नव्हता. २०१८ साली भुवनेश्वरला साबळेने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी केली आणि विक्रम मोडला. कितीने? एका सेकंदाने आणि वर थोड्याने.

आता पुढचा हिशेब नीट पाहा, कारण आजच्या लेखाचे सारे बीज त्यात आहे. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत त्याची वेळ झाली ८ मिनिटे २१.३७ सेकंद. म्हणजे एका वर्षात आठ सेकंदांहून अधिक कमाई. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२. दोन वर्षांत सव्वातीन सेकंद. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२०. एका वर्षात जवळजवळ सात सेकंद. आणि मग २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत ८ मिनिटे ९.९१. ह्या शेवटच्या सव्वा सेकंदाला दोन वर्षे लागली.

पहिल्या विक्रमापासून इथवर सहा वर्षे. सहा वर्षांत कमाई किती, तर वीस सेकंद, त्यातही काही शतांश कमीच. वीस सेकंदांत माणूस पायांत वहाणा घालतो. एवढ्यासाठी सहा वर्षे रोज पहाटे उठावयाचे, उन्हापावसात धावावयाचे, सणवारी घरी यावयाचे नाही. पण ह्याच वीस सेकंदांनी काय केले तेही पाहा. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत ह्या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच्या धावपटूंनी नेली होती. २०२२ साली आष्टीच्या ह्या जवानाने त्यांच्या रांगेत शिरून रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. पुढे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले.

बियाणे पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणारा शेतकरी आपण पाहिलेला नाही. धावणाऱ्या पोराच्या बाबतीत मात्र घरोघर नेमके तेच चालते. "गेल्या महिन्यात दुसरा आलास, ह्या महिन्यात चौथा कसा?" असे विचारतात. अहो, समोर धावणारी माणसे बदलली असतील! नंबर दुसऱ्याच्या हातात असतो, वेळ आपल्या हातात असते. म्हणून ध्येय नंबराचे धरू नये, वेळेचे धरावे.

आणि अपयश? त्याच साबळेचे सांगतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला तो जाऊच शकला नाही. टोकियोत स्वतःचा विक्रम मोडूनसुद्धा प्राथमिक फेरीत सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. २०२३ च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतही पुन्हा सातवा, पुन्हा बाहेर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली तो अखेर अंतिम फेरीत पोहोचला. ह्या शर्यतीत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. तिथे अकरावा आला. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडून गुडघा दुखावला आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा गेली. ज्या माणसाची नोंद विक्रमांच्या यादीत ओळीने दिसते, त्याच्या वाट्याला मधल्या वर्षांत हेही आलेले असते. वर्तमानपत्रात फक्त विक्रम छापून येतो, म्हणून आपल्याला ते सोपे वाटते.

दुसरे उदाहरण मुलींच्या आईबापांसाठी. सातारा जिल्ह्यातला माण तालुका. पाऊस कमी, जमीन हलकी, माणसे चिवट. तिथल्या मोही गावच्या ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या २०१२, २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठ तीन वर्षे पहिल्या आल्या. दुसरी कोणी असती तर तेवढ्यावर खूष राहिली असती. दरवर्षी एक शर्यत, एक चषक, बक्षिसाची रक्कम. पण त्यांना देशासाठी आंतरराष्ट्रीय पदक हवे होते. त्यांनी वाट बदलली आणि स्टीपलचेस धरली. त्याच वर्षी, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत, ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्यांची वेळ होती ९ मिनिटे १९.७६ सेकंद. दोन वर्षांत पंधरा सेकंदांहून अधिक. १९८४ साली पी. टी. उषा ह्यांनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी धावपट्टीवरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री ती माणची. तिथे त्या दहाव्या आल्या. त्यांचा विक्रम पुढे सात वर्षे टिकला. २०२३ साली पारुल चौधरीने तो मोडला. पारुलही उत्तर प्रदेशातल्या शेतकरी घरातलीच.

ललिता बाबर रिओला धावल्या तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. नाशिककडच्या डोंगरातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत ह्यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. साबळे पॅरिसला धावला तो एकोणतिसाव्या वर्षी. लांब पल्ल्याचे धावणे हे उशिरा येणारे पीक आहे. मेथीच्या भाजीसारखे महिन्यात हाती येत नाही. छाती, रक्त, हाडे, स्नायू ह्यांची तयारी वर्षानुवर्षे साठत जाते आणि विशी ओलांडल्यावर तिला फळ धरते.

आता आपल्या घराघरांत काय होते? मुलगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी जिल्ह्यात पहिली येते. अठरावे लागते न लागते तोच पाहुणे येऊ लागतात. "धावून धावून काळी पडली, आता पुरे," असे आजी म्हणते. जे झाड पंचविसाव्या वर्षी फळणार ते अठराव्या वर्षीच उपटले जाते. मी काही लग्नाच्या विरुद्ध नाही. पण मुलगी स्वतः मागत असेल तर तिला बावीस-तेवीस वर्षांपर्यंत मुदत द्यावी, शिक्षण चालू ठेवावे, आणि पाहुण्यांना बापाने स्वतः सांगावे की थांबा. ते आईवर किंवा मुलीवर ढकलू नये. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणावयाचे म्हणजे भावकीत चर्चा होते हे मला ठाऊक आहे. होऊ द्यावी.

वेळेचे ध्येय ठरवावयाचे कसे, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा सोळा वर्षांचा मुलगा तीन हजार मीटर साडेदहा मिनिटांत धावतो. चारशे मीटरच्या मैदानाला ह्या साडेसात फेऱ्या होतात. म्हणजे एका फेरीला ८४ सेकंद. त्याने तीन हजार मीटर नऊ मिनिटांत धावण्याचे ध्येय धरले, तर फेरी ७२ सेकंदांची झाली पाहिजे. एकेका फेरीमागे बारा सेकंद तोडावयाचे आहेत. हे एका हंगामात होणार नाही. तीन वर्षांत मात्र पुष्कळांना जमण्याजोगे आहे. पहिल्या वर्षी पाच-सहा सेकंद सुटतील, दुसऱ्या वर्षी चार, आणि तिसऱ्या वर्षी उरलेले दोन-तीन सुटता सुटणार नाहीत, हे आधीच धरून चालावे. साबळेच्या हिशेबात आपण तेच पाहिले. ह्या नऊ मिनिटांपुढे साबळेची गती काय, तर अडथळे ओलांडीत फेरीला सुमारे ६५ सेकंद. हा आकडाही वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. भिंतीवर "ऑलिंपिक" लिहिण्यापेक्षा "६५" लिहिलेले मला अधिक आवडेल, कारण त्याच्याकडे बघताना आपण आज कुठे आहोत हे कळते.

वही मात्र हवीच. शाळेची चाळीस पानी वही पुरते. तारीख, किती अंतर, किती वेळ, झोप किती, कुठे दुखले, एवढे रोज टिपावे. दर महिन्याला एकदा, त्याच मैदानावर, त्याच वेळी, घड्याळ लावून तीन हजार मीटर धावावे आणि आकडा तांबड्या शाईने लिहावा. रोज घड्याळ लावून जीव तोडून धावणारी पोरे दिसतात, त्यांची मला काळजी वाटते. आठवड्यातले बहुतेक धावणे असे हवे की बरोबरच्या गड्याशी बोलता आले पाहिजे. जोराचे धावणे आठवड्यात दोन वेळा पुरे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. अंतर वाढवावयाचे ते आठवड्याला थोडे थोडे. ज्या दिवशी पोराने दिवसभर पाणी धरले आहे किंवा कांदा काढला आहे, तो दिवस जोराच्या धावण्याचा नव्हे. शेतातले काम हेही शरीराच्या खात्यावर खर्चीच पडते. घरच्यांनी ह्याचा हिशेब धरला नाही तर पोर दोन्हीकडून पिळून निघते.

लहान मुलांविषयी एक शब्द. हल्ली जत्रेला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला "मॅरेथॉन" भरते. पाच किलोमीटरची असली तरी नाव मॅरेथॉनच! खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, आणि तिच्यात अठरा वर्षांखालील मुलांना सहसा घेत नाहीत. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील गटाला सर्वांत लांब शर्यत ६०० मीटरची असते. ती उगाच नव्हे. आणि आपण बारा वर्षांच्या पोराला दर रविवारी दहा किलोमीटर पळवून पाकीट आणावयास लावतो. त्या वयात त्याने खो-खो खेळावा, विहिरीत पोहावे, थोडे भरधाव धावावे. वेग लहानपणी येतो, दम मागाहून येतो.

भरतीची तयारी करणाऱ्यांना मी कमी लेखीत नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावयाचे असते. त्यासाठी काही महिन्यांची कसून तयारी लागते, आणि घराला नोकरीचा आधार मिळणे ही काही लहान गोष्ट नाही. साबळेसुद्धा सैन्यातूनच वर आला. फक्त कोणते ध्येय आपले आहे हे पोराने स्वतःशी ठरवावे. भरतीसाठी धावणाऱ्याला "ऑलिंपिकला कधी जाणार?" असे विचारून गावाने छळू नये, आणि लांब पल्ल्याचे मनात असलेल्याला "नोकरी लागली, आता कशाला धावतोस?" असेही म्हणू नये.

खाण्यापिण्याचे महागडे काही लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे आणि गूळ, दूध, चालत असतील तर अंडी, आणि रोज एक पालेभाजी. जेवणात लिंबू पिळावे, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते. धावणाऱ्या मुलीचे रक्त वर्षातून दोनदा तरी तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती मागे पडते आहे ती आळसाने नव्हे, रक्त कमी आहे म्हणून. पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर "धावते म्हणून असेल" असे म्हणून सोडू नये. अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. आईने हे मुलीशी मोकळेपणाने बोलावे आणि डॉक्टरांना दाखवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्याची सोय असते.

आणि एक वाईट गोष्टही सांगितली पाहिजे. भरती आणि स्पर्धांच्या हंगामात "हे इंजेक्शन घे, दम वाढतो," असे सांगणारे भेटतात. कधी पावडरचा डबा असतो, त्यात काय आहे ते डब्यावर पुरते लिहिलेले नसते. बंदी असलेले औषध लघवीत किंवा रक्तात सापडले तर कोणी दिले हे विचारीत बसत नाहीत; जबाबदारी धावणाऱ्याचीच धरतात. शिक्षा चार वर्षांपर्यंतच्या बंदीची असते. वीस सेकंदांना सहा वर्षे लागतात हे ज्याला कबूल नाही, तोच अशा माणसाच्या हाती लागतो. तेच खोट्या जन्मदाखल्याचे. दोन वर्षे वय चोरून लहान गटात जिंकलेला मुलगा मोठ्या गटात आला की उघडा पडतो, कारण तोवर त्याने बरोबरीच्यांशी कधी झुंज दिलेलीच नसते. शिक्षकाने सुचवले तरी बापाने त्याला हात जोडून नाही म्हणावे.

शेवटी मैदानाचे. तालुक्याला क्रीडा संकुल असेल तर उत्तम. नसेल तर घरच्या रिकाम्या रानात धावण्याची पट्टी आखता येते. सुगी झाल्यावर सुमारे सव्वीस गुंठे सपाट जागा लागते, लांबी ८२ मीटर, रुंदी ३२ मीटर, आणि बाहेरून पाय पडण्यापुरती थोडी मोकळी. मध्ये ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला १५ मीटर ९२ सेंटिमीटर लांबीची दोरी बांधून बाहेरच्या अंगाला अर्धे वर्तुळ फिरवा आणि फक्कीने रेघ मारा. दोन्ही अर्धवर्तुळांची टोके सरळ रेघांनी जोडा. रेघेवरून एक फेरी धावले की २०० मीटर होतात, पंधरा फेऱ्यांत तीन हजार. दोरी ताणणारी नको, नायलॉनची तर नकोच. सुंभाची किंवा तारेची घ्या आणि मोजपट्टीने दोनदा मोजा. ढेकळे फोडून एकदा फळी फिरवा. वळणे लहान असल्याने एकाच पायावर भार येतो, म्हणून संथ धावण्याच्या दिवशी फेऱ्या उलट दिशेने घ्याव्यात. घड्याळ लावून धावावयाचे त्या दिवशी मात्र डावा हात आतल्या बाजूला राहील असे धावावे, कारण स्पर्धेत तसेच धावावे लागते.